आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे

प्राथमिक शाळेत रस्ता ओलांडण्याचा धडा शिकवला जातो. 'आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. वाहन येत नसेल तरच रस्ता ओलांडा.' आपण हे मुलांकडून म्हणवून घेतो. काही शाळांत मैदानावर चुन्याने पट्टे आखून त्याचा सरावही होतो. हे करायलाच हवे. आजचा रस्ता जसा आहे तसा असताना हा धडा न शिकवणे ही बेपर्वाई ठरेल. पण विज्ञानातल्या एखाद्या संकल्पनेचा इतिहास कळला की ती संकल्पना जास्त उमगते, तसेच या धड्याचेही आहे. हा धडा आला कुठून? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगातल्या कोणत्याच शाळेत तो का शिकवत नव्हते?

या धड्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. रस्ता वाहनांचा आहे, मूल तिथे घटकाभर आलेले पाहुणे आहे, आणि पाहुण्याने यजमानाच्या तंत्राने वागायचे आहे. घरासमोरची गल्ली, आळी, वाड्याच्या दारातला बोळ यांनाही आपण हेच लागू करतो. तिथल्या रहिवाशांची तक्रार सगळीकडे सारखीच असते. मोठ्या रस्त्यावर कोंडी झाली की गाड्या आतल्या गल्लीतून पळतात, वळणावर वेग कमी करत नाहीत, मुलांना खाली खेळायला पाठवायची भीती वाटते. ही तक्रार जुनी आहे. तिला मिळालेली उत्तरे मात्र काळाप्रमाणे बदलत गेली. त्या उत्तरांचा इतिहास इथे थोडक्यात पाहू.

लाल निशाण

ब्रिटनमध्ये १८६५ साली रस्त्यावरून चालणाऱ्या वाफेच्या गाड्यांसाठी कायदा झाला. गाडीचा वेग खेड्यातल्या रस्त्यावर ताशी ४ मैल आणि गावात ताशी २ मैल यांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि गाडीच्या ६० यार्ड पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालत जावे, अशी त्यात अट होती. ताशी २ मैल म्हणजे साधारण ३ किलोमीटर. रमतगमत चालणारे माणूसही याहून पुढे जाईल. आज हा कायदा हास्यास्पद वाटतो. त्यामागे घोडागाड्या आणि रेल्वे कंपन्यांचे हितसंबंध होते असेही म्हटले जाते. पण त्याने बंधन कोणावर घातले होते ते पाहा. रस्त्यावर आधीपासून असलेल्या माणसांवर आणि घोड्यांवर नव्हे, तर नव्याने आलेल्या यंत्रावर. सावध राहण्याची जबाबदारी यंत्र चालवणाऱ्याची होती.

१८९६ साली ही मर्यादा ताशी १४ मैल झाली, १९०३ साली ताशी २० मैल. १९३० साली मोटारींवरची वेगमर्यादा ब्रिटनने चक्क काढून टाकली. रस्त्यावरच्या मृत्यूंची संख्या तेव्हा वर्षाला सात हजारांवर होती. म्हणून १९३४ साली नवा कायदा करून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा आणावी लागली. जगातल्या अनेक शहरांत आजही वस्तीतली मर्यादा ५० किलोमीटरच्या आसपास आहे. हा आकडा कोणत्याही प्रयोगातून निघालेला नव्हता. तो एक राजकीय समझोता होता.

सिनसिनाटीचे मतदान

अमेरिकेत मोटारी झपाट्याने वाढल्या आणि त्यांच्याखाली सापडणाऱ्यांत मुलांची संख्या मोठी होती. शहरातल्या मुलांना खेळायला रस्ता हीच जागा होती. १९२२ साली बाल्टिमोर शहरात रस्त्यांवर मृत्यू पावलेल्या मुलांच्या नावांचे स्मारक उभारले गेले. एरवी अशी स्मारके लढाईत पडलेल्यांची असतात. लोक या मृत्यूंकडे कोणत्या नजरेने पाहत होते, ते यावरून कळते.

१९२३ साली सिनसिनाटीच्या रहिवाशांनी एक ठोस तोडगा मांडला. शहरातल्या प्रत्येक मोटारीला असे यंत्र बसवायचे की ताशी २५ मैलांच्या, म्हणजे ४० किलोमीटरच्या वर गाडी जाणारच नाही. या मागणीवर ४२,००० हून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि ती मतदानाला टाकली गेली. मोटार विकणारे आणि मोटार क्लब खडबडून जागे झाले. वेग हाच मोटारीचा विकाऊ गुण होता. त्यांनी जोरदार प्रचार केला आणि नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव पडला.

पुढच्या काही वर्षांत मोटार-व्यवसायाने उलट बाजूने काम सुरू केले. 'जेवॉकर' हा शब्द त्यांनी रूढ केला. 'जे' म्हणजे बोलीत गावंढळ. रस्त्यात मधूनच चालणारा तो गावंढळ, असा त्याचा अर्थ. १९२५ साली लॉस एंजेलिसमध्ये पादचाऱ्यांनी कुठून आणि कसे ओलांडावे याचे नियम झाले आणि इतर शहरांनी ते उचलले. मोटार क्लबांनी शाळांना सुरक्षेची भित्तिपत्रके आणि पाठ पुरवले. मुलांनी रस्त्यापासून दूर राहावे, ओलांडताना सावध असावे, अपघात झाला तर तो बेसावधपणामुळे, असा त्यांचा सूर होता. आपल्या रस्ता ओलांडण्याच्या धड्याचे एक मूळ इथे आहे. त्या धड्याने अनेक जीव वाचवले असतील. पण त्याबरोबर जबाबदारीही एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली, आणि तो दुसरा खांदा सहा-सात वर्षांच्या मुलाचा होता.

सिनसिनाटीची कल्पना शंभर वर्षांनी वेगळ्या रूपात परत आली. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची झाली. चालकाला ती डावलता येते, एवढा फरक आहे.

वेगाचा वर्ग

ताशी ३० आणि ताशी ५० यांत असा काय मोठा फरक आहे, असे चालकाला वाटते. २०० मीटर लांबीची गल्ली ५० च्या वेगाने साडेचौदा सेकंदांत संपते, ३० च्या वेगाने २४ सेकंदांत. वाचले साडेनऊ सेकंद. त्याची किंमत काय, हे नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रातून काढता येते.

समजा, चालकाला मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकमुळे मिळणारे ऋण त्वरण ७ मी/से² आहे. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. पहिल्या सेकंदात गाडी ८.३ मीटर जाते. नंतर v² भागिले २a या सूत्राने ब्रेक लागल्यावरचे अंतर ५ मीटर येते. एकूण १३.३ मीटर. आता ताशी ५० घ्या. म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. पहिल्या सेकंदात गाडी १३.९ मीटर जाते, ब्रेकखाली आणखी १३.८ मीटर. एकूण २७.७ मीटर.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. समजा मूल १३.५ मीटरवर रस्त्यात आले. ३० च्या वेगाची गाडी त्याच्या अलीकडे थांबते. ५० च्या वेगाची गाडी त्याच्यापाशी पोचते तेव्हा ब्रेक लागायलाही सुरुवात झालेली नसते. म्हणजे ती पूर्ण ५० च्या वेगाने आदळते. वेगात फरक २० चा, पण एकीकडे नुसती दचक आणि दुसरीकडे मृत्यू.

गतिज ऊर्जाही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० ला ती ३० च्या पावणेतीन पटींहून थोडी जास्त असते. मुलांना हे उंचीच्या भाषेत सांगितले तर चटकन पोचते. ताशी ३० चा वेग म्हणजे साडेतीन मीटरवरून पडणाऱ्या वस्तूचा जमिनीला टेकतानाचा वेग, साधारण एका मजल्याचा. ताशी ५० म्हणजे जवळपास दहा मीटर, तीन मजल्यांचा. जर्मनीतल्या अपघातांच्या सविस्तर नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ताशी ५० च्या धडकेत पादचारी दगावण्याचा धोका ३० च्या धडकेच्या पाचपटीहून अधिक आढळला. सगळ्या अभ्यासांत टक्केवारी तंतोतंत जुळत नाही, पण वेगाबरोबर धोका सरळ रेषेत न वाढता झपाट्याने चढतो, ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे.

लहान मूल म्हणजे लहान मोठा माणूस नव्हे

मग मुलाला नीट शिकवले तर प्रश्न सुटेल का? स्टॉकहोममधल्या बालमानसतज्ज्ञ स्टीना सांडेल्स यांनी हाच प्रश्न शास्त्रीय पद्धतीने तपासला. मुले रस्त्यावर प्रत्यक्ष कशी वागतात याची त्यांनी निरीक्षणे केली, मुलांना वाहतुकीचे शब्द आणि खुणा कितपत समजतात ते पाहिले, आवाज कोणत्या दिशेने आला हे त्यांना किती अचूक सांगता येते याच्या चाचण्या घेतल्या. १९६८ साली त्यांचे पुस्तक स्वीडिश भाषेत निघाले, पुढे इंग्रजीतही आले.

त्यांचा निष्कर्ष आपल्याला विचारात पाडणारा आहे. साधारण दहा वर्षांखालच्या मुलाला वाहतुकीत सुरक्षित वागण्याइतके 'तयार' करता येत नाही, कारण त्यासाठी लागणाऱ्या क्षमता अजून घडायच्या असतात. मुलाची उंची कमी, त्यामुळे उभ्या गाडीच्या पलीकडचे त्याला दिसत नाही आणि ते चालकाला दिसत नाही. येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा एकत्र अंदाज घेणे त्याला जड जाते. आणि नियम तोंडपाठ असला तरी चेंडू रस्त्यात गेला की त्या क्षणी मनात फक्त चेंडू असतो. पाठ म्हणून दाखवणे आणि प्रसंगी तसे वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिक्षकाला कोणी वेगळे सांगायला नको. सांडेल्स यांचे म्हणणे असे की मुलाला वाहतुकीजोगे करता येत नसेल, तर वाहतूक मुलाजोगी करावी लागेल.

शेजार मोजला तेव्हा

रहदारीचा त्रास अपघातांपुरताच असतो असेही नाही. अमेरिकेत डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनेच्या प्राध्यापकांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकमेकांजवळच्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला. घरे साधारण सारखी, लोक साधारण सारखे, फरक रहदारीचा. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,००० वाहने जात, दुसऱ्यावरून ८,७००, तिसऱ्यावरून जवळपास १६,०००. त्यांनी रहिवाशांना साधे प्रश्न विचारले. या रस्त्यावर तुमचे मित्र किती? तोंडओळखीची माणसे किती? घराची हद्द कुठपर्यंत वाटते, ती नकाशावर काढून दाखवा.

हलक्या रहदारीच्या रस्त्यावर प्रत्येकाला सरासरी ३ मित्र आणि ६.३ ओळखीचे लोक होते. भरगच्च रहदारीच्या रस्त्यावर ०.९ मित्र आणि ३.१ ओळखीचे. पहिल्या रस्त्यावरचे लोक 'आमची हद्द' म्हणून पूर्ण रस्ता, समोरच्या घरांसकट, दाखवत. तिसऱ्या रस्त्यावर ती स्वतःच्या इमारतीपुरती आक्रसली होती. हा लेख १९७२ साली प्रसिद्ध झाला आणि १९८१ साली त्याचे सविस्तर पुस्तक निघाले. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, अथेन्समध्ये एका भरधाव मोटारीने ॲपलयार्ड यांचाच बळी घेतला. २००८ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात तशीच पाहणी पुन्हा झाली आणि चित्र तसेच दिसले.

राहते अंगण

रहिवाशांच्या तक्रारीला नवे उत्तर मिळाले ते हॉलंडमध्ये. आज हॉलंड म्हणजे सायकलींचा देश असे आपण म्हणतो, त्यामुळे ते पहिल्यापासूनच तसे असेल असे वाटते. तसे नव्हते. १९६० साली तिथे पाच लाखांच्या आसपास खासगी मोटारी होत्या, १९७० साली जवळपास पंचवीस लाख झाल्या. जुन्या शहरांतल्या अरुंद गल्ल्या त्यांनी भरून गेल्या. १९७२ साली रस्त्यांवर ३,२६४ माणसे मेली. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वा कोटीच्या थोडी वर होती. १९७१ या एकाच वर्षात मेलेल्यांत चारशेहून अधिक मुले होती.

त्यांतली एक विक लांगेनहोफ या पत्रकाराची मुलगी होती. १९७२ साली त्यांनी 'द टाइड' या वृत्तपत्रात लेख लिहिला. त्याचा मथळा होता 'स्टॉप द किंडरमोर्ट', म्हणजे 'मुलांच्या हत्या थांबवा'. अपघात हा शब्द त्यांनी टाळला होता. त्या मथळ्याच्या नावानेच एक संघटना उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले, सायकलींचे मोर्चे निघाले, गल्ल्या दिवसभर बंद करून तिथे मुलांचे खेळ लावले गेले. ॲमस्टरडॅमच्या 'द पाइप' या दाटीच्या वस्तीतल्या शाळकरी मुलांनीही १९७२ साली आपली गल्ली खेळण्यासाठी मोकळी मागितली. त्यांनी सह्या गोळा केल्या आणि गल्लीच्या तोंडाशी अडथळे लावून ती बंद केली. चिडलेल्या मोटारवाल्यांनी ते अडथळे ओढून काढले, बाचाबाची झाली. हे सगळे दूरचित्रवाणीसाठी चित्रित झाले आणि देशाने पाहिले.

मोर्चाने मागणी पुढे येते, पण गल्लीचे नक्की काय करायचे याचा आराखडाही लागतो. तो डेल्फ्ट गावात आधीच आकार घेत होता. सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहणाऱ्या ल्यूवेनहोकचे डेल्फ्ट ते हेच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या नगरपालिकेतले अभियंते योस्ट व्हाल आणि त्यांचे सहकारी रहिवाशांशी बोलत वस्तीतले रस्ते नव्याने बांधू लागले. नगररचनेचे प्राध्यापक नीक द बूर यांनी या कल्पनेला 'वूनेर्फ' हे नाव दिले. डच भाषेत 'वून' म्हणजे राहणे आणि 'एर्फ' म्हणजे घरासमोरची मोकळी जागा. मराठीत आपण त्याला 'राहते अंगण' म्हणू.

या कल्पनेला पार्श्वभूमी होती ब्रिटनच्या एका अहवालाची. कॉलिन बुकॅनन यांनी १९६३ साली 'शहरांतील वाहतूक' या विषयावर सरकारला अहवाल दिला होता. घरात खोल्या असतात आणि खोल्यांना जोडणाऱ्या वाटा असतात. वाटेने ये-जा करायची, खोलीत राहायचे. शहराचेही तसेच हवे, असे त्यांचे म्हणणे होते. डच अभियंते त्याच्या पुढे गेले. खोलीत मोटार आलीच तर तिने पाहुण्यासारखे वागावे, आणि ते पाटी लावून सांगण्यापेक्षा जमिनीनेच सांगावे, असे त्यांनी ठरवले.

ते जमिनीने कसे सांगितले? फूटपाथ आणि रस्ता यांतली पायरी काढून टाकली, सगळी जमीन एका पातळीवर आणली आणि विटांनी फरसबंद केली. सरळ लांब रस्ता दिसला की पाय आपोआप वेग वाढवतो, म्हणून वाट मुद्दाम नागमोडी केली. मधे झाडे, बाक, फुलांच्या कुंड्या आल्या. गाडी उभी करायची ती आखलेल्या जागीच. आत शिरणाऱ्या चालकाला पुढचे सलग दिसत नाही, टायरखाली विटांचा खडखडाट होतो, आणि आपण कोणाच्या तरी दारात आलो आहोत हे त्याला न वाचताच कळते.

सप्टेंबर १९७६ मध्ये डच सरकारने वूनेर्फला कायद्यात स्थान दिले. निळ्या पाटीवर घर, मोठे माणूस आणि चेंडू खेळणारे मूल अशी खूण ठरली. तिथे पादचाऱ्याने रस्त्याची पूर्ण रुंदी वापरावी, मुलांनी रस्त्यात खेळावे, चालकाने चालत्या माणसाच्या गतीने जावे. पादचाऱ्याने वाहनांची विनाकारण अडवणूक करू नये, एवढी अट दुसऱ्या बाजूलाही होती. १८६५ च्या लाल निशाणाचा वेग १११ वर्षांनी कायद्यात परत आला, पण या वेळी तो फक्त घरांसमोरच्या गल्लीपुरता होता.

या कल्पनेच्या मर्यादाही लवकर दिसल्या. प्रत्येक गल्ली उकरून पुन्हा बांधणे फार खर्चाचे होते. म्हणून १९८३ पासून हॉलंडमध्ये ताशी ३० किलोमीटर मर्यादेचे विभाग सुरू झाले. वस्तीच्या सगळ्या रस्त्यांना एकच मर्यादा, तोंडाशी आणि मधेमधे थोडे बांधकाम, असे त्यांचे स्वरूप होते. त्याच वर्षी जर्मनीत बुक्सटेहूडे या गावी असा पहिला प्रयोग झाला. १९९२ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने मोठे रस्ते सोडून सगळ्या शहराला ही मर्यादा लावली. ॲमस्टरडॅमने डिसेंबर २०२३ मध्ये बहुतेक रस्त्यांवर तेच केले.

सगळीकडे स्वागतच झाले असे नाही. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतली मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर आणली, तेव्हा विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या. काही रस्त्यांवर जुनी मर्यादा परत देण्याचे सरकारला मान्य करावे लागले. अशा रस्त्यांवर जखमी होणाऱ्यांची संख्या मात्र पहिल्या वर्षात घटली. नुसत्या पाटीने वेग थोडाच उतरतो आणि लोकांना ती जाच वाटते. रस्त्याची बांधणी बदलली तर तक्रारही कमी येते, हा हॉलंडचा अनुभव इथे आठवतो.

२०२३ साली हॉलंडमध्ये रस्त्यांवर ६८४ माणसे मृत्यू पावली. लोकसंख्या वाढलेली, मोटारी कितीतरी पट वाढलेल्या, आणि मृत्यू १९७२ च्या जवळपास एकपंचमांश. हे सगळे श्रेय वूनेर्फला देता येणार नाही. सीटबेल्ट, सुधारलेली वैद्यकीय मदत, वेगळे सायकलमार्ग, चांगल्या गाड्या यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण माणूस चुकणारच, तेव्हा त्याची चूक जिवावर बेतणार नाही असा रस्ता बांधावा, हा विचार तिथे रुजला तो त्याच वर्षांत.

उंचवट्याची भूमिती

आपल्याकडे या सगळ्याचे एकच रूप सर्वपरिचित आहे, ते म्हणजे गतिरोधक. त्यालाही इतिहास आहे. १९०६ साली अमेरिकेतल्या चॅटम या छोट्या गावाने भरधाव मोटारींना आवर घालण्यासाठी रस्ता ओलांडायच्या जागा दगडांनी पाच इंच उंच केल्या. १९५३ च्या सुमारास सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात मोटारी फार वेगाने जातात हे पाहून कुलगुरूंनी स्वतः उंचवट्याचा आराखडा काढला. हे कुलगुरू म्हणजे आर्थर होली कॉम्प्टन. क्ष-किरणांच्या विकिरणावरील कामासाठी १९२७ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेले, 'कॉम्प्टन परिणामा'चे तेच कॉम्प्टन.

उंचवटा कसा असावा याचे पद्धतशीर प्रयोग ब्रिटनच्या सरकारी प्रयोगशाळेत जी. आर. वॉट्स यांनी केले आणि १९७३ साली त्यांचा अहवाल निघाला. अरुंद उंचवट्यावर एक विचित्र गोष्ट घडते. वेग वाढवला की ठराविक मर्यादेनंतर गाडीतल्या माणसाला बसणारा हिसका कमी होतो. गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक-दीड वेळा वरखाली होऊ शकतो. अर्ध्या मीटरच्या उंचवट्यावरून ताशी ५० ने चाक सेकंदाच्या पंचविसाव्या भागाहून कमी वेळात पलीकडे जाते. चाक उचलले जाते, पण सांगाड्याला उचलले जायला वेळच मिळत नाही. म्हणजे असा गतिरोधक जोरात जाणाऱ्याला बक्षीस देतो आणि सावकाश जाणाऱ्या सायकलस्वाराला, दुचाकीला, रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला शिक्षा करतो. उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच केला तर चाकाला पलीकडे जायला ताशी २५ ने अर्धा सेकंद लागतो. सांगाडाही उचलला जातो आणि वेग जितका जास्त तितका हिसका जास्त.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली दुय्यम रस्त्यांवरील गतिरोधकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या याच मापाच्या. १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, रुंदी ३.७ मीटर, उंची ०.१० मीटर, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी. २०१८ साली त्यांची सुधारित आवृत्ती आली. तिच्या नावात आता वाहतूक शांत करण्याच्या सगळ्याच उपायांचा समावेश आहे. दहावीच्या वर्गाला हे उदाहरण जरूर द्या. जीवा ३.७ मीटर, त्रिज्या १७ मीटर, तर जीवेपासून कंसाची उंची किती? पायथागोरसच्या प्रमेयाने ती १० सेंटिमीटर येते. मग शाळेजवळचा गतिरोधक मोजायला सांगा. गल्लीतल्या लोकांनी वैतागून एका रात्रीत ओतलेला गतिरोधक बहुधा हातभर रुंद आणि वीतभर उंच निघेल. लोकांची तक्रार अगदी खरी असते, त्यांच्या हातात उपाय मात्र चुकीच्या मापाचा येतो.

वर्गातून करता येईल असे

भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते. सरकारी नोंदींप्रमाणे दर दहा मृत्यूंपैकी सातांमागे अतिवेग हे कारण होते. हे आकडे इतके मोठे आहेत की ते मनाला भिडत नाहीत. शाळेसमोरचा आकडा भिडतो, आणि तो मुलांना काढता येतो.

शाळेच्या कुंपणाच्या आत किंवा गच्चीवर उभे राहून रस्त्यावरच्या दोन ठळक खुणा निवडा, उदाहरणार्थ दोन विजेचे खांब. त्यांतले अंतर मोठ्यांनी मोजून द्यावे. ते ५० मीटर असेल तर हिशेब सोपा आहे. १८० ला सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर मिळतात. ६ सेकंद लागले तर ३०, साडेचार लागले तर ४०, ३.६ लागले तर ५०. शंभर वाहनांच्या नोंदी घ्या, आलेख काढा. शाळा सुटताना आणि दुपारी असे दोन वेळा घ्या. पंधरा मिनिटांत किती वाहने गेली ते मोजा. शाळेच्या आसपासचा नकाशा काढून मुले प्रत्यक्षात कुठून ओलांडतात त्या जागा खुणेने दाखवा. पट्टे एकीकडे आणि मुले दुसरीकडे, असे आढळले तर मुलांना रागावण्याआधी पट्टे तिथे का आहेत ते विचारा.

ॲपलयार्ड यांचे प्रश्नही मुलांना घरी विचारता येतील. आजी-आजोबा तुमच्या वयाचे असताना कुठे खेळत? घरापासून किती लांब एकटे जात? तेच प्रश्न आई-वडिलांना आणि स्वतःला. तीन पिढ्यांची वर्तुळे एकाच नकाशावर काढली की वेगळे काही सांगावे लागत नाही.

ही नोंद नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जरूर पाठवा. 'गाड्या फार जोरात जातात' या वाक्यावर वाद घालता येतो. 'शाळा सुटताना शंभरातल्या इतक्या गाड्या ४० च्या वर होत्या' या वाक्यावर तो घालणे अवघड जाते. कोणी असा प्रयोग केला तर त्याच्या नोंदी आमच्याकडेही पाठवाव्यात. वेगवेगळ्या गावांचे आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहायला आम्हाला आवडेल.

आणि रस्ता ओलांडण्याचा धडाही शिकवत राहू या. फक्त त्याच्या शेवटी मुलांना एक प्रश्न विचारू या. आपण उजवीकडे बघतो, डावीकडे बघतो; येणाऱ्या गाडीने आपल्याकडे बघावे म्हणून हा रस्ता कसा बांधायला हवा होता?